अर्धलीचं रक्त

त्या मंगळवारी मी मढला निघालो होतो ते एका माणसाला गाडीत घालून आणायला. एवढंच काम होतं. माणूस आणायचा, मंचरच्या रक्तपेढीत झोपवायचा, एक पिशवी रक्त काढून घ्यायचं, चहा-बिस्किटं द्यायची आणि परत पोचवायचा. असली कामं मी पंधरा वर्षं करतोय. अवसरी बुद्रुकमध्ये कुणालाही विचारा भरत कोण, तर माझी शेती किती ते कुणी सांगणार नाही, 'तो रक्तवाला ना' म्हणतील. शिबिरं मी भरवतो, ऐन वेळी रक्तदाता मी शोधून देतो, आणि सुईला भिणाऱ्या गड्याला बोलण्यात गुंतवून खाटेवर आडवं कसं करायचं ते तर माझ्याकडूनच शिकावं. तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, बस्स. 'एक पिशवी दे, पुढच्या महिन्यात लग्न जमतंय बघ तुझं!' काहीही बोलायचं. बोलायला काय लागतं, असं मला तेव्हा वाटायचं.

या वेळी रक्त माझ्या बहिणीला लागत होतं.

आरती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर शाळेत जाताना तिच्या वेण्या मी घातल्यात, वाकड्यातिकड्या. लहानपणी तिला ताप यायचा, सांधे सुजायचे. आम्ही चालताना अडखळली असेल, थंडी बाधली असेल, असं म्हणून सोडून दिलं. त्या तापानं तिच्या हृदयाची झडप खाल्ली होती. लग्न होऊन दोन वर्षं झाली, चोविसाव्या वर्षी तिला चार पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली, आणि शेवटी उताणं झोपताही येईना. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणातली ही गोष्ट. गुरुवारी सकाळी पुण्यात झडप बदलायची ठरली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला नीट सांगितलं होतं. हृदय थांबवायचं म्हणजे रक्त बाहेरच्या मशीनमधून फिरवायचं. त्या मशीनच्या नळ्या आधी सलाइननं भराव्या लागतात. धट्टाकट्टा माणूस असला तर तेवढं खपून जातं, पण आरती बारीक चणीची, त्यात तिच्या अंगात रक्त आधीच कमी. तिचं उरलंसुरलं रक्त त्या पाण्यात पातळ होणार, वर मशीनवरून काढल्यावर रक्त लवकर गोठत नाही, छातीतल्या नळ्यांतून वाहत राहतं. "तीन पिशव्या हातात असल्याशिवाय मी छाती उघडणार नाही," ते म्हणाले. "आणि आठवड्याच्या पुढे थांबूही शकणार नाही."

तीन पिशव्या म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पण आरतीचा गट निघाला बॉम्बे. वरवर तपासलं तर तो ओ सारखा दिसतो, पण ओ चं रक्तसुद्धा त्याला चालत नाही, काचेवर एकत्र केलं की दही नासल्यासारख्या गुठळ्या होतात. दहा हजारांत एखादा असतो असला माणूस. एक मिरजेहून मिळाला, एक जळगावहून रात्रीच्या गाडीनं आला. माझा स्वतःचा गट जुळला नाही आणि तिसरा मिळेना. मी शेकडो लोकांना फोन केले. पंधरा वर्षं जगाला रक्त पुरवलं आणि घरच्या माणसाच्या वेळी माझे हात रिकामे, याची मला इतकी लाज वाटत होती की आरतीच्या समोर जाऊन बसवत नव्हतं.

मंगळवारी सकाळी रक्तपेढीतल्या हर्षालीचा फोन आला. ती तिथली टेक्निशियन, कामाला चोख आणि बोलायला फटकळ.

"भरतदादा, जुन्या शिबिराच्या वहीत एक नाव सापडलंय. यमाजी. गट बॉम्बे. फोन नंबर न्हाई. पत्ता नुसता 'मढच्या वरती, वाडा' एवढाच लिवलाय."

"कुठलं शिबिर?"

"ते पान फाटलंय. तुमीच भरवलं असंल की. पळा आता."

मी भाजीची पिकअप काढली आणि पळालो. आळेफाट्याला डिझेल भरलं, ओतूर मागे टाकलं, तिथून पुढं धुकं सुरू झालं. मढ येईपर्यंत भर दुपारी दोन वाजता मला दिवे लावावे लागले. माळशेजकडून येणारे ट्रक हॉर्न वाजवत अंगावर यायचे आणि गेल्यावर मागं काहीच उरायचं नाही, रस्तासुद्धा. गावाच्या वर एक कच्चा रस्ता चढत होता, त्यावर गाडी घातली. संपला तिथं उतरलो.

भुरभुर पाऊस चालू होता. आधी वास आला. लोकरीचा, लेंड्यांचा, उन्हात तापलेल्या मेंढराला येतो तसा कोरडा वास. मग वाड्याची, म्हणजे धनगराच्या तळाची, जाळी दिसली आणि जाळीच्या आत मेंढरं. शंभर तरी असतील. एकही ओरडत नव्हतं. सगळी माझ्याकडं तोंड करून रवंथ करत होती आणि त्या शंभर तोंडांचा मिळून एक बारीक चरचर आवाज येत होता. जवळच्या मेंढराच्या पाठीवर मी सहज हात ठेवला. लोकर कोरडी ठणठणीत होती, आणि गरम. लोकरीला तेल असतं म्हणतात, पाणी धरत नसेल, असं मी मनाशी म्हणालो.

म्हातारा जाळीच्या पलीकडं घोंगडी पांघरून उकिडवा बसला होता. साठीचा असेल, काटक, मिशा पांढऱ्या.

"राम राम आजा. यमाजी तुमीच ना?"

"कुनाला पायजे?" त्यानं विचारलं. मी अजून रक्ताचं नावही काढलं नव्हतं.

"भैनीला. काळजाचं आपरेशन हाय. एक पिशवी. तांब्याभरबी न्हाई व्हत."

"जगंल का?"

"तुमी दिलं तर जगंल."

त्यानं एकवार मेंढरांकडं बघितलं. "अन् मला काय?"

मी घाईघाईनं सांगितलं की रक्त विकत घेता येत नाही, कायद्यानं बंदी आहे, पण येण्या-जाण्याचं, जेवणाचं मी बघतो.

"इकायचं कोन म्हनलं? मी कवाच काय इकत न्हाई."

आता इथं माझं चुकलं. माझ्या डोक्यात घड्याळ चाललं होतं, तोंडाला सवय होती, आणि समोर मेंढरं होती. मी हसून म्हणालो, "मग अर्धलीनं द्या की, आजा!"

आमच्याकडं शेळ्यामेंढ्या अर्धलीनं देतात. जनावर मालकाचं, सांभाळायचं दुसऱ्यानं, आणि जी पिल्लं होतील ती दोघांत निम्मी निम्मी. रक्त अर्धलीनं ही माझी थट्टा होती. कुठलाही माणूस हसला असता आणि घोंगडी झटकून उठला असता.

म्हातारा हसला नाही. "पयलं तुमचं, दुसरं माजं," तो म्हणाला. "तिसरं फिरून तुमचं. मोडायचं न्हाई."

"चालतंय की."

"मग उचल भंडारा."

कनवटीची पिशवी सोडून त्यानं हळद पुढं धरली. धनगराच्या पुढं भंडारा उचलला की शब्द झाला, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, म्हाताऱ्याचा एक छंद, आपलं काय जातंय. मी चिमूट उचलून कपाळाला लावली. त्या क्षणी मेंढरांचं रवंथ थांबलं. एकदम सगळं. मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

"चला," म्हातारा म्हणाला.

तो पुढं बसायला तयार होईना. "मागं बसतो. सवय हाय." मागं ताडपत्री होती, त्याखाली तो चढला. मेंढरांकडं कोण बघणार, असं मी विचारलं तर म्हणाला, "ती काय हितंच ऱ्हात्यात व्हय."

गाडी हलली तेव्हाच मला जाणवलं, ती जड झाली होती. रिकामी पिकअप आणि भरलेली पिकअप यांतला फरक मला झोपेतही कळतो. प्रत्येक गतिरोधकाला पाटा खाली बसत होता. चढाला दुसऱ्या गिअरवर आली. आणि मागून, ताडपत्रीच्या आतून, पत्र्यावर खुरं सरकल्याचा आवाज... वळण आलं की सगळी एका अंगाला सरकायची, वळण संपलं की परत. नारायणगावला चहाचं निमित्त करून उतरलो आणि ताडपत्री वर केली. आत एकटा म्हातारा बसला होता. माझी बोटं तेवढ्यात पावसानं भिजली, त्याच्या मिशीवर मात्र थेंब नव्हता.

"काय बगतो?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो. खरं सांगतो, तेव्हाच त्याला उतरवून द्यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं आरती होती, पाठीला तीन उशा लावून बसलेली, श्वासासाठी तोंड उघडं ठेवलेली. तिच्यासाठी मी कुणालाही गाडीत घातलं असतं.

हर्षालीनं त्याचं बोट टोचलं, रक्त भरपूर आहे म्हणाली, बीपी घेतलं आणि खाटेवर झोपवून सुई लावली. रक्ताची पिशवी एका छोट्या झुलत्या मशीनवर ठेवलेली असते, गोठू नये म्हणून ती पिशवी हलकेच डोलवत असते. आम्ही दोघं तिकडंच बघत होतो. पिशवी भरत आली तेव्हा म्हाताऱ्यानं मान वळवली आणि जीभ टाळूला लावून एक बारीक आवाज काढला, मेंढरं वळवायला काढतात तसा. मशीन दुसऱ्या बाजूला कललेलं होतं, तरी पिशवीतलं रक्त चढावर आलं आणि त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात गोळा होऊन राहिलं.

हर्षालीनं सुई काढली, नळी बांधली आणि पिशवी उचलताना हातावर रुमाल घेतला. "आजा, पडून ऱ्हावा धा मिंटं," एवढंच म्हणाली. चहा घेऊन आली तर खाट रिकामी होती. पायाशी घातलेल्या पांढऱ्या चादरीला चुणीसुद्धा पडली नव्हती.

"दादा," तिनं मला बाजूला घेतलं. "ही पिशवी घ्यायची का?"

"तपासणीत काय निघतंय ते बघ."

सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. पुण्यात आरतीच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, एकही गुठळी नाही. तिथला तंत्रज्ञ म्हणाला की सख्ख्या भावाचंसुद्धा इतकं जुळत नाही.

गुरुवारी साडेआठला तिला आत नेलं. झडप बसली, टाके पडले, पण संध्याकाळी अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर आले ते चेहरा पाडूनच. छातीतल्या नळ्यांतून रक्त थांबत नव्हतं. मिरजेची पिशवी दिली, तेवढं बाहेर आलं. जळगावची दिली, तेही बाहेर आलं. "एक शेवटची पिशवी आहे. ती लावतो. तासाभरात थांबलं नाही तर पुन्हा उघडावं लागेल, आणि तेवढी ताकद तिच्यात नाही." तिचा नवरा सुदर्शन भिंतीला टेकून खाली बसला. मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला आजही सांगता येणार नाही.

वीस मिनिटांत रक्त थांबलं. कमी होत होत नव्हे, एकदम. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "कुणीतरी आतून थोपवल्यासारखं थांबलं हो."

आरती घरी आली. गालांवर लाली आली. मी दिवाळी संपल्यावर शाल आणि नारळ घेऊन मढला गेलो, म्हाताऱ्याचे पाय धरायला. ऊन पडलं होतं, वरची जागा लगेच सापडली. तिथं गुडघाभर गवत होतं. मेंढरं बसलेल्या जागी गवत असं वाढत नाही, जमीन तुडवून काळी होते. एक लेंडीसुद्धा मला मिळाली नाही.

खाली रस्त्यावर कोकणात उतरणारा एक कळप थांबला होता. कुशाबा नावाचा म्हातारा धनगर घोड्यावरचं ओझं आवळत होता. त्याला मी विचारलं, श्रावणात इथं वर यमाजीचा वाडा असतो, तो कुठं गेला?

"श्रावनात?" तो माझ्याकडं येड्याकडं बघावं तसं बघायला लागला. "पावनं, मेंढरू पावसात जगत न्हाई. खुरं सडत्यात. पावसुळ्यात आमी समदी उगवतीला, कोरड्या रानात. मढाला त्या दिसांत एकबी वाडा नसतो. कदीच नसतो."

"मी बघितला. शंभर मेंढरं व्हती. कोरडी व्हती."

ओझ्यावरचा त्याचा हात थांबला. "काय घेतलं त्याच्याकडनं?"

मी सगळं सांगितलं. अर्धलीचं सांगितलं तेव्हा त्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. "भंडारा उचलला?"

"उचलला."

"मग पयलं तुमचं. दुसऱ्याला त्यो येनार." तो कोण, असं मी तीन वेळा विचारलं. "मला त्याचं नाव घ्याया लावू नगा, भाऊ. माजी जित्राबं हायती हितं."

घरी येईपर्यंत मी माझ्याच मनाला समजावलं, आणि समजावण्यात तर मी पटाईत. म्हटलं, दुसरं होऊच द्यायचं नाही. सरळ हिशेब. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात आरतीला मुलगा झाला, ऋषी. सातव्या महिन्यापासून पुण्याच्या डॉक्टरांच्या नजरेखाली होती, सगळं सुखरूप झालं. मी त्याच दिवशी सुदर्शनला कोपऱ्यात घेतलं. "पावणं, एक बास झालं. तिच्या काळजाला दुसरं झेपायचं न्हाई." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी सुटलो असं मला वाटलं.

ऋषीला मी किती खेळवलं ते काय सांगू. माझ्या खांद्यावर बसून तो अख्खं आळेफाट्याचं बाजारपटांगण फिरलाय. 'मामा, टरक!' म्हणून ओरडतो, माझे कान धरून गाडी चालवतो. हा पहिला आहे, हा आपला आहे, असं मी रोज मनात म्हणायचो. पावणेतीन वर्षं म्हणालो.

अकरा दिवसांपूर्वी सुदर्शनचा फोन आला, आरतीला दिवस गेलेत, पाचवा लागला. तिनं लपवून ठेवलं होतं, गोळ्या बंद केल्या होत्या, त्याचंही ऐकत नव्हती. मी तसाच गाडी काढून त्यांच्या घरी आलो. भर सकाळ होती. सुदर्शन मळ्यात गेला होता, परड्याच्या बाजूनं आत शिरलो तर आरती मागच्या ओट्यावर घेवडा निवडत बसली होती. मी तिच्यापुढं खाली बसलो आणि चार वर्षं गिळलेलं सगळं ओकलो. मढ, मेंढरं, भंडारा, कुशाबा. "आरते, चुकलो गं मी. ही दुसरी खेप ठेवू नगंस. डॉक्टरांकडं चल. अजून वेळ हाय..."

तिचा हात घेवड्यावरून थांबला नाही.

"मला ठाव हाय, दादा."

"कुणी सांगितलं?"

"तिसरी पिशवी लावली तवाच कळलं. अंगात शिरताना मला ऐकू आलं, तुमचं दोघांचं काय ठरलं ते. पयलं तुमचं, दुसरं माजं."

"मग का गं? ठाव असून ह्ये दुसरं कशापायी..."

तिनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते आणि माझ्या आईसारखे शांत होते. "दादा, ह्ये दुसरं न्हाई. तिसरं हाय."

"तिसरं?" मी विचारलं.

"आपरेशन झाल्यावर संक्रांतीच्या आधी एक गेलं. दोन महिन्यांचं. डॉक्टरांनी सा म्हैनं थांबा म्हनून सांगितलं व्हतं, तुमी समदी रागावला असता. मी कुनालाच बोल्ले न्हाई. ह्यांनाबी न्हाई. परड्यात हातानं पुरलं." ती घेवड्याची शीर ओढत राहिली. "ते पयलं. ते आपलं व्हतं. आपल्याकडंच ऱ्हायलं."

मी मनात मोजायला लागलो. दुसऱ्यापाशी आलो तेवढ्यात तीच म्हणाली.

"ऋषी त्याचा हाय. म्हनून तर ह्ये ठेवलंय. घरात एक तरी नगं का?"

"तो कुठंय?" मी ओरडलो.

"पुढच्या दारात. सकाळधरनं बसलाय."

मी धावलो. ऋषी उंबऱ्यावर बसला होता, हात मांडीवर, अगदी शहाण्यासारखा. पायांत चपला होत्या. अजून त्याला चपला घालता येत नाहीत, आरती घालून देते, मी आलो की मी, आणि स्वतः घातल्या तर डाव्या-उजव्याचा घोळ होतोच. त्या दिवशी दोन्ही बरोबर होत्या आणि पट्टे आवळलेले होते. मी त्याला उचलून घेतला. तो रडला नाही, माझे कानही धरले नाहीत. माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत राहिला.

त्या दिवसापासून मी इथंच आहे. अवसरीला गेलेलो नाही, फोन उचलत नाही. झोपताना त्याला कुशीत घेतो, दाराला आतून कुलूप लावतो, चपला माझ्या उशाखाली ठेवतो. रोज उजाडतं तेव्हा माझी कूस रिकामी असते. कुलूप असतं तिथंच असतं, आणि तो उंबऱ्याच्या आतल्या अंगाला चपला घालून बसलेला असतो. आज मी जवळ बसून हळूच विचारलं, "ऋषी, कुठं निघालास रे बाळा?"

त्यानं माझ्या गालावरून हात फिरवला. मोठ्या माणसानं फिरवावा तसा.

"मामा," तो म्हणाला, "तू रडू नको हां. तू हो म्हनला ना?"